फोटोतला मासा, पोटातली गाभोळी

आपल्या घरात मासा येण्याची वाट तशी ठरलेली. सकाळी बाजारात जायचं, ओळखीच्या मावशीसमोर बसायचं, कल्ला उचलून लालबुंद आहे की नाही ते बघायचं, थोडी घासाघीस करायची आणि वर चार कोळंब्या मागून घ्यायच्या. हल्ली मात्र मासा आणखी एका वाटेने घरात शिरलाय. मोबाईलमधून! जेवताना मुलगा मोबाईल बघत असतो. त्यात कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभा राहून लाटांपलीकडे रॉड फेकत असतो. दोन मिनिटांत एक भलाथोरला जिताडा वाळूवर तडफडू लागतो आणि तो तरुण त्याला तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन कॅमेऱ्याकडे बघून हसतो. खाली लाइक्सचा पाऊस. "आई, आपल्याकडचाच किनारा आहे हा, बघ ना!" मुलगा म्हणतो. आपणही डोकावतो, "बाई गं, केवढा मोठा!" म्हणतो आणि पुन्हा पोळी लाटायला लागतो.

पण मैत्रिणींनो, त्या मोठ्या माशाबद्दल एक गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. तीच सांगण्यासाठी आजचा हा लेख.

माझं सासर रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात. बचत गटांच्या कामानिमित्त गेली पंधरा-सोळा वर्षं मी किनाऱ्यावरच्या गावांतून फिरते. बायकांच्या बैठकीत विषय कर्जाचा असो की पापड-लोणच्याचा, शेवटी गाडी मासळीवर येतेच. आणि अलीकडे मासळीची गोष्ट निघाली की मोबाईलचीही निघते.

गरी जुनीच, कौतुक नवं

किनाऱ्यावर उभं राहून लाटांमध्ये गरी टाकायची ही काही आजची हौस नाही. कोकणात "गरवायला जाणं" हा शब्द पिढ्यान्‌पिढ्यांचा. बोटीला पैसे लागतात, जाळ्याला लागतात. गरीला काय लागतं? एक दोरी, शिशाचं वजन, आमिषाला कोळंबी नाहीतर बांगड्याचा तुकडा आणि भरपूर धीर. कुणी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाग टाकायचं. आणि गावची मोठी रापण ओढायची असेल तर सगळा गाव किनाऱ्यावर यायचा. दोरीला ज्याचा हात लागेल त्याच्या पदरात चार मासे पडायचे, अशी रीत.

यात खरी पुंजी होती ती माहितीची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, ओहोटी लागताना पाणी कुठल्या खडकामागून वळतं, खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध यंदा कुठे सरकला... हे सगळं आजोबा नातवाला सांगत. परक्याला मात्र सांगत नसत. "काल कुठे मिळाला हो एवढा रावस?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "समुद्रात!"

या गुप्ततेत थोडा स्वार्थ होता, नाही असं नाही. पण त्यामुळे एका जागेवर चार-पाच माणसांपेक्षा जास्त गऱ्या पडत नसत. माशालाही श्वास घ्यायला सवड मिळायची.

मग २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ आला. मराठीत मासेमारी दाखवणारे कितीतरी चॅनेल निघाले. मुलं रॉड आणि रील ऑनलाइन मागवू लागली, कोळंबीऐवजी रंगीत प्लास्टिकचा खोटा मासा दोरीला लावू लागली. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून गाड्या निघतात आणि पहाटे खाडीच्या मुखाशी उभ्या राहतात. यात वाईट काय? सुरुवातीला मलाही काही वाईट वाटलं नव्हतं. घरात बसून गेम खेळण्यापेक्षा पोरं समुद्रावर जातात, पहाट बघतात, हे चांगलंच की! गावातल्या दोन-चार घरांना चहा-नाश्त्याचे आणि राहण्याचे पैसेही मिळतात.

अडचण वेगळीच आहे. व्हिडिओत नुसता मासा दिसत नाही, त्याच्या मागचा दीपस्तंभ दिसतो, पूल दिसतो, देवळाचा कळस दिसतो. जाणणाऱ्याला तेवढं पुरतं. आजोबांनी चाळीस वर्षं जपलेली जागा एका रात्रीत चाळीस हजार लोकांना कळते.

जागा जळते तेव्हा

हा अनुभव एकट्या आपला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांमधून गळ टाकणाऱ्यांची फार जुनी परंपरा आहे. तिथे त्यांचा लाडका मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास, अंगावर काळे पट्टे असलेला. गुपित जागेचा फोटो सगळ्यांना दाखवून टाकणाऱ्याला तिथले लोक म्हणतात, "यानं जागा जाळली". शब्द किती नेमका आहे बघा!

या पट्टेवाल्या माशाची कहाणी ऐकण्यासारखी आहे. गेल्या शतकाच्या शेवटी तो इतका घटला की मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० अशी पाच वर्षं त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवली. लोकांनी कळ काढली आणि मासा परत आला. पण २०१९ साली पुन्हा जाहीर करावं लागलं की तो प्रमाणाबाहेर मारला गेलाय. मुख्य म्हणजे, तिथे हा मासा सर्वांत जास्त मारला जातो तो धंदेवाईक बोटींकडून नाही, हौशी गळवाल्यांकडून. २०२३ साली तातडीने नियम आला की समुद्रावर हौशी माणसाने २८ ते ३१ इंचांमधलाच मासा घरी न्यायचा. त्याहून लहान असेल तर सोडायचा, आणि त्याहून मोठा असेल तरीही सोडायचा.

लहान सोडायचा हे आपल्याला पटतं. पोर आहे, वाढू दे. पण मोठा का सोडायचा? इथेच आपल्या जिताड्याची गोष्ट सुरू होते.

मोठा जिताडा म्हणजे बाई!

खारेपाटात जिताड्याचा मान काय वर्णावा! घरामागच्या तळ्यात जिताडे वाढवायचे आणि जावई-पाहुणे आले की काढायचे. पण आपण ज्याला कौतुकाने "तो जिताडा" म्हणतो, तो मोठा झाला की "ती" असते, हे किती जणींना माहीत आहे?

निसर्गाची करणी अशी की बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात, साधारण तीन-चार वर्षांचे होताना. पुढे काही वर्षांनी, अंगाने चांगले भरले की, त्याच माशाची मादी होते. म्हणजे खाडीतले मध्यम जिताडे बहुतेक बाप्ये आणि खूप मोठे ते जवळजवळ सगळे बाया. रावसाचीही हीच तऱ्हा. गोबऱ्याचं बरोबर उलट आहे, तो आधी मादी आणि मोठा झाल्यावर नर.

जिताडा वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात, पण त्याच्या अंड्यांना खारं पाणी लागतं. म्हणून पावसाळ्याच्या सुमारास मोठ्या माद्या खाडीच्या मुखाशी येतात. सात-आठ किलोच्या मादीच्या पोटात वीस लाखांहूनही जास्त अंडी असू शकतात. वीस लाख! त्यातली जगून मोठी होणारी अगदी थोडी, पण मुळात अंडी असतील तर पिल्लं. आणि दहा किलोची एक मादी म्हणजे पाच-पाच किलोच्या दोन माद्या, असा हिशेब नसतो. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात माशांच्या ३४२ जातींचा अभ्यास छापून आला. बहुतेक जातींत मादी जितकी मोठी, तितकी तिची पिल्लं देण्याची ताकद वजनाच्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढते, असं त्यात दिसलं. आपण म्हणतो ना, घरात एक जुनं माणूस हवं. माशांच्या घरातही तसंच आहे.

आता मोबाईलकडे बघा. कुठल्या फोटोला लाइक्स मिळतात? दीड किलोच्या जिताड्याला कोण विचारतो? बक्षीस, वाहवा, सगळं सर्वांत मोठ्याला. म्हणजे नेमकी आईच शोधून काढायची, तीही ती बाळंतपणासाठी खाडीच्या तोंडाशी आली असताना. पूर्वी गरवणारा माणूस घरात खायला पुरेल एवढा मासा मिळाला की उठायचा. आता पोट भरलं तरी फोटोची भूक भरत नाही.

यात कायद्याची एक फटही आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते, ती यांत्रिक बोटींना. किनाऱ्यावर रॉड घेऊन उभ्या राहणाऱ्याला ती लागू नाही. बोटी थांबतात, आणि ऐन त्याच दिवसांत खाडीच्या मुखाशी रॉडची रांग लागते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यातही आपलाच जिताडा आहे, तिकडे त्याला बारामंडी म्हणतात. तिथल्या नियमाप्रमाणे ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा मासा ठेवता येत नाही. पोरंही सांभाळायची आणि मोठ्या आयाही. किती शहाणपणाचा नियम!

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. समुद्रातली मासळी कमी झाली ती काही या रॉडवाल्या पोरांमुळे नाही. त्याचं मोठं पाप बारीक आसाच्या जाळ्यांचं, पर्ससीनचं, केंद्राने २०१७ मध्ये बंदी घालूनही छुपेपणाने चालणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीचं आणि खाड्यांत सोडलेल्या घाण पाण्याचं. त्यापुढे एक गरी ती काय! पण आधीच विरळ झालेल्या खाडीत मोजक्याच मोठ्या माद्या उरल्या असतील, तर त्यातल्या दहा गेल्या तरी फरक पडतो. भरल्या डब्यातून मूठभर तांदूळ काढणं वेगळं आणि तळाशी उरलेल्यातून काढणं वेगळं.

तिसऱ्यांचं काय झालं?

या व्हिडिओंचा चटका बायकांनाही बसतो, तो वेगळ्या प्रकारे. ओहोटीला खाडीच्या वाळूत बसून तिसऱ्या, मुळे, कालवं काढणं हे बहुतेक बायकांचं काम. त्याला ना बोट लागते ना भांडवल. त्या पैशांत मुलांची फी जाते, गटाचा हप्ता जातो. आमच्या गटातल्या एक मावशी मागच्या उन्हाळ्यात सांगत होत्या, "ताई, कुणी तरी मोबाईलमधी दाखवलं, इथं फुकट तिसऱ्या मिळतात म्हणून. रविवारी माणसं बादल्या घेऊन आली. नखाएवढ्या होत्या, त्या पण नेल्या."

"तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"बोलले की! तर म्हणाले, समुद्र काय तुमच्या नावावर आहे का?"

समुद्र कुणाच्या नावावर नसतो हे खरं. पण मावशी बारीक तिसरी परत वाळूत टाकत होत्या ती पुढच्या महिन्यासाठी, आणि रविवारच्या पाहुण्याला पुढचा महिना नसतो. केरळातल्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांसारख्याच शिंपल्या काढणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी विश्रांती पाळली, बारीक शिंपल्या काढायच्या नाहीत असं ठरवलं. २०१४ साली त्या मासेमारीला जबाबदार मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलंच. म्हणजे जमतं, ठरवलं तर.

मोबाईल शत्रू नाही

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मोबाईलच फेकून द्या. छे, तसं नाही. १९९७ पासून केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल आले, तेव्हा काय झालं याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने २००७ साली मांडला. कोळी बांधव बोटीतूनच बंदरावर फोन करून भाव विचारू लागले. जिथे गिऱ्हाईक तिथेच मासळी उतरू लागली, फेकून द्यावी लागणारी तारली वाचली, कोळ्यांचा नफा वाढला आणि खाणाऱ्यांनाही थोडी स्वस्त पडली.

आपल्याकडचंच आणखी एक उदाहरण. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी अडकला आणि कोळ्याने जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्याच्या कांदळवन कक्षाकडून जाळ्याची भरपाई मिळते. २०१८ च्या अखेरीस ही योजना आली, तेव्हा २५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम ठरली होती. पुरावा म्हणून काय लागतं माहितीये? मोबाईलवर काढलेला फोटो किंवा व्हिडिओ! तोच मोबाईल, तोच समुद्र. एक फोटो माशाचा जीव घेतो, दुसरा वाचवतो.

आणि गळवाल्या मुलांतही शहाणी पोरं आहेत. कितीतरी जण मासा पकडून परत सोडतात. त्यांचं कौतुक करायलाच हवं, फक्त सोडण्याचीही एक रीत असते. अमेरिकेत सोडलेल्या शंभर पट्टेवाल्या माशांमागे नऊ नंतर मरतात असं धरूनच हिशेब मांडतात. म्हणून हात ओले करून मासा धरायचा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तापलेल्या वाळूवरून ओढायचा नाही. कल्ल्यात बोटं घालून लटकवायचा नाही. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवायचा आणि एका फोटोवर भागवायचं. दहा वेगवेगळ्या पोझ देईपर्यंत मासा गुदमरलेला असतो. आपण पाण्यात नाकातोंड दाबून किती वेळ राहू, त्याचा विचार करा.

जाता जाता पोरांच्या जिवाचंही बोलू. पावसाळ्यात खडकावर उभं राहून गळ टाकणं म्हणजे मरणाशी खेळ. व्हिडिओत लाट पायाशी येऊन मागे फिरते, कारण फिरलेल्या लाटेचाच व्हिडिओ आपल्यापर्यंत पोचतो. "स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय खडकावर चढायचं नाही", एवढं तरी आईने दरडावून सांगावं.

आपल्या हातात काय?

आपण बायका समुद्रावर रॉड घेऊन जात नाही. पण मासा शेवटी येतो आपल्याच विळीवर. तेव्हा काही गोष्टी आपल्याही हातात आहेत.

पहिली गोष्ट, आपली वीत. २०२३ साली राज्याने ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही, विकायचा नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं, तेही त्याची पोरं वाचावीत म्हणूनच. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७०० असे ते आकडे. बाजारात पट्टी कोण नेणार? पण बाईची वीत साधारण अठरा-एकोणीस सेंटिमीटर भरते. म्हणजे पापलेट पाऊण वीत, बोंबील वीतभर, सुरमई दोन विती आणि घोळ जवळजवळ चार विती. एवढं लक्षात ठेवा. त्याहून लहान दिसला तर मावशींना रागावू नका, त्या बिचाऱ्या लिलावातून आणतात. फक्त म्हणा, "मोठा असेल तेव्हा नेईन." चार गिऱ्हाइकं असं म्हणाली की निरोप बंदरापर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट गाभोळीची. तळलेल्या गाभोळीचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोला! पण पावसाळ्याच्या दोन महिन्यांत "गाभोळीचाच जिताडा आण" असा हट्ट धरू नये. श्रावणात मासे न खाण्याची आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच समुद्रात जायची आपली जुनी रीत आहेच. कारण काहीही सांगितलं असेल, समुद्राला विश्रांती मिळत होती. ती थोडी आधीपासून पाळली तर काय बिघडलं?

तिसरी गोष्ट मोबाईलची. घरातल्या मुलाला, भाच्याला, दिराला सांगा की फोटो टाक, पण जागा टाकू नकोस. मागचा पूल, दीपस्तंभ दिसणार नाही असा काढ. मोठी मादी पाण्यात परत सोडतानाचा व्हिडिओ टाक, त्याला आम्ही सगळ्या जणी लाइक करू. बोटभर माशांची रास दाखवणारा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नका. आपलं एक बोटही मत देत असतं.

आणि चौथी गोष्ट, किनाऱ्यावर राहणाऱ्या बहिणींसाठी. तिसऱ्यांच्या जागेबद्दल ग्रामसभेत बोला. किती दिवस जागा राखायची, केवढी तिसरी काढायची, बाहेरून येणाऱ्यांना काय सांगायचं, हे ठरवून किनाऱ्यावर एक फलक लावायला फार खर्च येत नाही. आमच्या मावशींनी हा विषय यंदा गटाच्या बैठकीत मांडलाय. पुरुष मंडळी आधी हसली, मग ऐकायला बसली. फलकावरचा मजकूर अजून ठरायचा आहे. मावशींचा आग्रह एकच, "वरती मोठ्या अक्षरात लिवा, बारीक तिसरी परत टाका. फोटो काढायचा तर तिचा काढा, टाकताना."